वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी फेझंटची अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे

या महिन्यात सातारा व सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे फेझंट या, मोर व रानकोंबड्याच्या कुळातील पक्ष्याविषयीची आहेत. हौस म्हणून रिंगनेक फेझंट पाळणाऱ्यांची संख्या या भागात वाढते आहे असे या पत्रांवरून दिसते. पत्रे वेगवेगळ्या गावांची असली तरी बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. फेझंटला कोंबडी समजून वागवले जाते, आणि तो कोंबडी नाही. म्हणून पाचही पत्रांना या एकाच अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी विट्याला राहतो. एप्रिलमध्ये एका पक्षिपालकाकडून रिंगनेक फेझंटची अंडी थोडी थोडी करून दहा-बारा दिवस जमवली आणि पंखा असलेल्या नव्या इन्क्युबेटरमध्ये ३७.५ अंश सेल्सिअस तापमानाला एकदम लावली. काही अंडी शेवटपर्यंत कोरीच राहिली, काहींत लाल कडे दिसले आणि काहींत पिल्लू पूर्ण वाढून कवचातच मेले. मोजकीच पिल्ले बाहेर आली. दोष यंत्राचा असेल का?

उत्तर : अंडी कोणत्या अवस्थेत वाया गेली हे आपण बारकाईने पाहिले, त्यामुळे कारणापर्यंत पोहोचणे शक्य होते. आपल्या पत्रात एकाऐवजी तीन निरनिराळे दोष दिसतात, आणि त्यांतला यंत्राचा वाटा सर्वांत कमी असावा असे आमचे मत आहे.

कोरे अंडे एक तर फळलेले नसते किंवा त्यातील जीव अगदी पहिल्या एक-दोन दिवसांत संपलेला असतो. अंडी ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडे नर वयाने लहान असेल, किंवा एका नरामागे माद्या फार असतील, तर अशी अंडी वाढतात. एका नरामागे पाच ते आठ माद्या हे प्रमाण ठीक असते. अंडी पुन्हा घेण्याआधी त्यांच्याकडचे एखादे ताजे अंडे फोडून पाहावे. बलकावरचा पांढरा ठिपका कड्यासारखा, गोल आणि रेखीव असेल तर अंडे फळलेले आहे, आणि तो बारीक, घट्ट व वेडावाकडा असेल तर फळलेले नाही.

लाल कडे दिसणे याचा अर्थ असा की जीव वाढू लागला, रक्तवाहिन्या पसरल्या आणि पहिल्या आठवड्यातच तो मेला. याचे कारण बहुधा अंडी जमवण्याच्या त्या दहा-बारा दिवसांत दडलेले आहे. अंड्यातील जीव साधारण २० अंशांच्या खाली शांत झोपून राहतो, म्हणून उबवणीची अंडी १३ ते १६ अंश तापमानात ठेवावीत असे सांगितले जाते. एप्रिलमध्ये खानापूर तालुक्यात दुपारी घरातसुद्धा पारा पस्तिशीच्या आसपास जातो. अशा उष्णतेत जीव अर्धवट जागा होतो, रात्रीच्या गारव्यात पुन्हा थबकतो, आणि असे चारदोन वेळा झाले की त्याचा दम संपतो. मग त्याला कितीही उत्तम यंत्रात ठेवले तरी तो फार दिवस टिकत नाही. घरगुती फ्रिज यावर उपाय नाही, कारण तेथील थंडी जास्त होते. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून, तीत दुसरे मातीचे भांडे बसवून, त्यात अंडी निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि वरून ओले फडके टाकावे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत या भांड्यातील तापमान खोलीपेक्षा बरेच खाली येते. १५ अंश मिळणार नाहीत, परंतु ३५ अंशही राहणार नाहीत. एवढे करूनही उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपेक्षा जास्त काळ अंडी साठवू नयेत. थोडीच अंडी लावावीत, पण ताजी लावावीत. एसटीने किंवा मोटारसायकलवरून आणलेली अंडी निदान एक रात्र स्थिर ठेवून मगच यंत्रात घालावीत, कारण हादऱ्यांनी हवेची पोकळी जागची हलते. अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरचे संरक्षक आवरण जाते आणि जंतू आत शिरतात.

पूर्ण वाढलेले पिल्लू कवचात मरणे हा तिसरा आणि मनाला सर्वांत जास्त लागणारा प्रकार. त्यामागे बहुतेक वेळा आर्द्रता असते. अंड्यातील पाणी २१ दिवसांत ठरावीक वेगाने उडून जावे लागते. ते कमी उडाले तर पिल्लू ओलाव्यात गुदमरते, आणि जास्त उडाले तर आतील पडदा चिवट होऊन पिल्लाला चिकटतो. पुस्तकात पहिल्या २१ दिवसांसाठी ५० ते ६० टक्के आणि शेवटच्या तीन दिवसांसाठी ६५ ते ७० टक्के आर्द्रता दिलेली असते. परंतु स्वस्त आर्द्रतामापकांवर विसंबण्यापेक्षा अंडी तोलणे आम्हाला अधिक खात्रीचे वाटते. फेझंटच्या अंड्याचे वजन २१ व्या दिवसापर्यंत सुमारे १३ टक्क्यांनी घटायला हवे. समजा अंडे ३२ ग्रॅमचे आहे, तर सातव्या दिवशी ते ३०.६, चौदाव्या दिवशी २९.२ आणि एकविसाव्या दिवशी २७.८ ग्रॅमच्या जवळपास भरले पाहिजे. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलणारा छोटा काटा यासाठी पुरतो, आणि दहा-बारा अंडी एकत्र तोलून सरासरी काढली तर चूक आणखी कमी होते. वजन वेगाने घटत असेल तर यंत्रातील पाण्याचे भांडे अधिक पसरट ठेवावे, आणि हळू घटत असेल तर पाणी कमी करावे. विटा, आटपाडी, जत किंवा माण, खटाव या कोरड्या पट्ट्यात उन्हाळ्यात अंडी हमखास सुकतात, तर पावसाळ्यात पाटण, जावळी, महाबळेश्वर या बाजूला यंत्रात पाणी मुळीच न ठेवण्याची वेळ येऊ शकते. कऱ्हाडच्या मित्राने सांगितलेला आकडा आटपाडीत जसाच्या तसा लागू पडत नाही तो यामुळेच.

तापमानाविषयीही एक खात्री करून घ्यावी. यंत्रावर दिसणारा ३७.५ हा आकडा खरा आहे का, हे कोमट पाण्यात यंत्राचे थर्मामीटर आणि ताप मोजण्याचे थर्मामीटर शेजारी शेजारी धरून पडताळता येते. ३७.५ अंश सेल्सिअस म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट. पंखा नसलेली थर्मोकोलची पेटी वापरणाऱ्यांनी तापमान अंड्याच्या वरच्या पातळीवर मोजावे आणि ते साधारण ३८.५ ठेवावे. इन्क्युबेटर अंड्यांना ऊब देऊ शकतो, थंड करू शकत नाही, म्हणून खोलीच तापली तर आतील अंडीही तापतात. तासभर वीज गेल्याने होते त्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान दुपारी आतला पारा ३९.५ च्या वर काही तास राहिल्याने होते. यंत्र घरातील सर्वांत गार खोलीत ठेवावे, खिडकीला ओले गोणपाट लावावे, आणि हवेची भोके कधीही पूर्ण बंद करू नयेत.

अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. विषम संख्या ठेवली की रात्रभर अंडे दर वेळी एकाच कुशीवर राहत नाही. २१ व्या दिवशी फिरवणे थांबवावे, आर्द्रता वाढवावी आणि त्यानंतर झाकण उघडू नये. पिल्ले २३ ते २५ व्या दिवसांत निघतात. कवचाला पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत पूर्ण दिवस जाऊ शकतो. त्या काळात कवच सोलून मदत करण्याचा मोह आवरावा, कारण आतील रक्तवाहिन्या तोवर सुकलेल्या नसतात आणि उरलेला बलक पोटात ओढला गेलेला नसतो.

प्रश्न : पाटण तालुक्यात आमच्या वाडीवर वीज भरवशाची नाही. खुडूक बसलेल्या देशी कोंबडीखाली फेझंटची अंडी उबवता येतील का?

उत्तर : अवश्य येतील, आणि आपल्या परिस्थितीत आम्ही यंत्रापेक्षा कोंबडीलाच पसंती देऊ. ऊब, ओलावा आणि अंडी फिरवणे या तिन्ही गोष्टी खुडूक कोंबडी कोणत्याही घरगुती पेटीपेक्षा नेमकेपणाने सांभाळते. मात्र कोंबडी निवडताना ती हलक्या अंगाची, शांत आणि आधी एकदा तरी पिल्ले काढलेली असावी. जड कोंबडीच्या पायाखाली फेझंटची लहान अंडी फुटतात. मध्यम देशी कोंबडीखाली पंधरा-सोळा अंडी मावतात, आणि तेवढीच ठेवावीत.

कोंबडीची आणि फेझंटची अंडी एकत्र बसवू नयेत, ही सर्वांत महत्त्वाची सूचना. कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत निघतात, फेझंटची २४ च्या सुमारास. पहिली पिल्ले किलबिलू लागली की कोंबडी खुराड्यातून उठते आणि उरलेली अंडी गार पडतात. फक्त फेझंटचीच अंडी असतील तर कोंबडी तीन दिवस जास्त बसून राहते, त्याची काळजी नको. अंडी ठेवण्यापूर्वी तिच्या अंगावरील उवा-पिसवांचा बंदोबस्त पशुवैद्यकाने सांगितलेल्या औषधाने करावा. अन्यथा अंगाची आग होऊन ती मध्येच बैठक सोडते आणि पुढे त्या उवा पिल्लांच्या डोक्यावर चढतात. दिवसातून एकदा तिला उठवून दाणा, पाणी आणि मातीत लोळायला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत.

पिल्ले निघाल्यानंतर खरी दक्षता लागते. कोंबडीची पिल्ले आईच्या हाकेला धावतात, परंतु फेझंटची पिल्ले स्वभावाने बुजरी असतात आणि आवाज झाला की आईकडे येण्याऐवजी गवतात दडी मारतात किंवा पळत सुटतात. दुसऱ्या आठवड्यातच ती फडफडत उडू लागतात. त्यामुळे निदान पहिले तीन-चार आठवडे कोंबडी व पिल्ले अगदी बारीक जाळीच्या बंदिस्त, वरूनही झाकलेल्या खुराड्यात ठेवावीत. मुंगूस, मांजर आणि घुशी यांच्यासाठी जाळी जमिनीत वीतभर खाली पुरावी. पाटणच्या पावसात आणखी एक धोका असतो. श्वासनलिकेत राहणारा एक लाल कृमी गांडुळांमार्फत पिल्लांच्या पोटात जातो, आणि मग पिल्लू मान ताणून, चोच उघडून श्वासासाठी धडपडते. म्हणून खुराडे जुन्या कोंबड्यांच्या चिखलाच्या जागी मांडू नये. उंचवट्यावरची, निचऱ्याची, नवी जागा निवडावी. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकाकडून जंतनाशक घ्यावे. कोंबडीला जो रोग नुसता शिवून जातो तो फेझंटच्या पिल्लाला मारू शकतो. या एका कारणासाठी आम्ही खुडूक कोंबडी उबवणीपुरतीच ठेवून पिल्ले वेगळी वाढवण्याचा सल्ला काही वेळा देतो, आणि वाडीवर कोंबड्यांचा मोठा कळप असेल तर आपणही तसेच करावे.

प्रश्न : तासगाव. पिल्ले उत्तम निघाली, पण पहिल्या आठवड्यात अर्धी दगावली. काहींचे पाय फाकले होते, काही पाण्याच्या भांड्यात बुडाली, बाकीची नुसती वाळत गेली. कोपऱ्यात बल्ब लावला होता, खाली वर्तमानपत्र होते, आणि खायला अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य देत होतो.

उत्तर : आपल्या पत्रातील प्रत्येक तपशिलात एकेका मृत्यूचे कारण आहे, आणि दिलासा असा की यांतील एकही गोष्ट सुधारणे महाग नाही.

गुळगुळीत वर्तमानपत्रावर नवजात पिल्लाचे पाय घसरतात आणि सांधे बाहेर फाकतात. पहिले काही दिवस खाली खरखरीत गोणपाट किंवा जाड कापड पसरावे, नंतर भाताचे तूस टाकावे. पाय फाकलेले पिल्लू पहिल्या एक-दोन दिवसांतच लक्षात आले तर दोन्ही पाय मऊ चिकटपट्टीने नैसर्गिक अंतरावर बांधून ठेवल्यास पुष्कळदा सुधारते. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे भरावेत, म्हणजे चोच बुडेल पण पिल्लू बुडणार नाही. फेझंटचे पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच लहान असते, त्यामुळे कोंबडीच्या पिल्लांसाठीचे नेहमीचे भांडेसुद्धा त्याच्यासाठी खोल ठरते.

ऊब पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या पातळीवर ३५ अंश असावी आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करावी. आकड्यापेक्षाही पिल्लांच्या वागण्याकडे लक्ष द्यावे. बल्बखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला पंख सोडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे, आणि सर्वत्र पांगून खात असतील तर सर्व ठीक आहे. बल्ब कोपऱ्यात लावू नये. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करून मध्यभागी लावावा. फेझंटची पिल्ले घाबरली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. गोल कड्याला कोपराच नसतो. कड्यावर जाळीही हवी. बल्ब दोन लावावेत, म्हणजे रात्री एक गेला तरी पिल्ले गारठत नाहीत.

वाळत जाऊन मेलेल्या पिल्लांचा संबंध खाद्याशी आहे, आणि या मुद्द्यावर आम्ही आग्रहाने लिहितो आहोत, कारण सर्वांत जास्त पिल्ले येथेच दगावतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात प्रथिने १६ ते १८ टक्के असतात आणि कॅल्शियम भरपूर असते. फेझंटच्या पिल्लाला पहिले काही आठवडे २६ ते ३० टक्के प्रथिने लागतात, आणि एवढे कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. निसर्गात ही पिल्ले पहिले दिवस जवळजवळ केवळ किडे-अळ्या खाऊन वाढतात. टर्कीच्या पिल्लांचे खाद्य मिळाले तर तेच उत्तम. ते न मिळाल्यास ब्रॉयलरचे प्री-स्टार्टर, म्हणजे पिल्लांना पहिल्या दिवसांत देण्याचे खाद्य, घ्यावे. त्यात प्रथिने २२-२३ टक्क्यांच्या आसपास असतात, ती वाढवण्यासाठी उकडून बारीक किसलेले अंडे आणि अळ्या द्याव्यात. खेड्यांत कोंबडीच्या पिल्लांना वारुळाची वाळवी आणून घालण्याची जुनी पद्धत आहे. ती फेझंटच्या पिल्लांनाही मानवते, शिवाय हलणारे भक्ष्य पाहून न खाणारे पिल्लूही चोच मारू लागते. फक्त जेथे वाळवीनाशक मारले असेल तेथील वाळवी आणू नये. आपल्याकडे शेंगदाणा पेंड सहज मिळते म्हणून काही जण तीच भरडून घालतात. तिच्यात बुरशीचे विष असण्याचा संभव असतो, आणि लहान पिल्लांना ते यकृतावर घातक ठरते. म्हणून पहिल्या महिन्यात पेंड टाळावीच.

पिल्लू अंड्यातून निघताना पोटातील बलकावर दोन दिवस तग धरते. त्यामुळे खाद्यातील कमतरता पहिल्या दोन दिवसांत दिसत नाही, ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम उघडी पडते. आपली पिल्ले कोणत्या दिवसांत गेली हे आठवून पाहावे. पुढेही मरतूक चालूच राहिली तर नुकतेच मेलेले पिल्लू बर्फाच्या डब्यात ठेवून शवविच्छेदनासाठी पशुवैद्यकाकडे न्यावे. सातारा जिल्ह्यातील वाचकांसाठी शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. रक्ताची विष्ठा दिसली तर एक दिवसही थांबू नये, कारण कॉक्सिडिया हा आतड्यातील परजीवी दमट तुसातून फार वेगाने पसरतो. मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचे वेळापत्रकही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

प्रश्न : कऱ्हाड. चार आठवड्यांची पिल्ले एकमेकांची पिसे उपटून रक्त काढत आहेत. चोच कापावी का?

उत्तर : चोच कापण्याआधी जागा मोजावी. फेझंटमध्ये हा दोष कोंबडीपेक्षा कितीतरी तीव्र असतो, आणि दाटी, लख्ख उजेड, उकाडा व रिकामपण यांनी तो भडकतो. जागा निदान दुप्पट करावी, दिवे मंद किंवा लाल करावेत, खाद्याची भांडी एकाऐवजी तीन-चार ठिकाणी ठेवावीत. लसूणघासाची जुडी किंवा कोबीचा गड्डा पिल्लांच्या डोक्याच्या उंचीवर टांगल्यास त्यांची चोच तिकडे गुंतते. आत वाळलेल्या फांद्या आणि उसाचे पाचट उभे करून आडोसे द्यावेत, म्हणजे मार खाणाऱ्या पिल्लाला दडायला जागा मिळते. रक्त आलेले पिल्लू त्याच क्षणी वेगळे करावे, जखमेला जांभळे औषध लावावे आणि जखम पूर्ण भरल्याशिवाय परत सोडू नये. एवढे करूनही थांबले नाही तर चोचीचे टोक पशुवैद्यकाकडूनच बोथट करून घ्यावे. सहा-सात आठवड्यांनंतर ही पिल्ले वरून मऊ जाळी असलेल्या मोकळ्या पिंजऱ्यात हलवावीत. वरची जाळी तारेची असेल तर दचकून सरळ वर उडालेल्या पक्ष्याचे डोके फुटते.

प्रश्न : शिराळा. ऊसतोडीच्या वेळी बांधावर लांडोरीची अंडी सापडली. जवळच्या जंगलात रानकोंबडेही आहेत. मोर, रानकोंबडा आणि फेझंट एकाच कुळातले असल्याचे वाचले आहे. मग ही अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. कूळ एक आहे हे आपण बरोबर वाचले आहे, परंतु मोर आणि रानकोंबडा हे आपले वन्यपक्षी आहेत व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. वन्यपक्ष्यांची अंडी फोडणे, तसेच अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणे याचा समावेश त्या कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच केलेला आहे. हेतू चांगला असला तरी त्याने गुन्हा बदलत नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यान आपल्या तालुक्याला लागून आहे, आणि तेथील पक्षी शेताच्या बांधावर येतात हे त्या परिसराचे वैभव आहे. घरटे शाबूत असेल तर त्याभोवतीचा ऊस थोडा उभा ठेवून माणसांनी दूर व्हावे. लांडोर बहुधा परत येऊन बसते. तोडणीत घरटे उघडे पडले असेल तर अंडी न हलवता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

रिंगनेक फेझंट हा परदेशी पक्षी असल्याने त्याची गोष्ट वेगळी आहे. तरीही पक्षी किंवा अंडी घेताना विक्रेत्याकडून लेखी पावती घ्यावी, आणि इतर परदेशी जातींच्या बाबतीत ती जात २०२२ च्या दुरुस्तीने जोडलेल्या चौथ्या अनुसूचीत येते का हे वन विभागाकडे आधी विचारावे, कारण त्या जातींची नोंदणी बंधनकारक आहे. मोनाल, कालिज हे हिमालयातील फेझंट कोणी विकायला आणले तर ते घेऊ नयेत. तसेच वाढवलेले रिंगनेक पक्षी जास्त झाले म्हणून शिराळ्याच्या रानात सोडून देऊ नयेत. ते तेथे जगणार नाहीत, आणि जेवढे दिवस जगतील तेवढ्यात पाळीव पक्ष्यांचे रोग रानकोंबड्यांपर्यंत नेतील. जास्तीचे पक्षी नोंद ठेवून दुसऱ्या पालकाकडे द्यावेत, आणि पुढच्या हंगामात अंडी तेवढी कमी लावावीत.